उत्तर रोमन ब्राँझ नाणी ओळखायची कशी: टांकसाळीची अक्षरं, डोक्यावरचा मुकुट आणि नावाचा शेवट

चौथ्या शतकातलं रोमन ब्राँझ नाणं हातात आलं की बहुतेकांची नजर आधी चेहऱ्यावर जाते. हा सम्राट कोण, असा प्रश्न पडतो आणि मग चित्रांशी चेहरा जुळवण्याचा खटाटोप सुरू होतो. नीरोची जाड मान किंवा व्हेस्पेशियनचं टक्कल नाव न वाचताही ओळखता येतं, पण ती पहिल्या शतकातली सोय आहे. सम्राट डायोक्लेशियनने इ. स. २९४ च्या सुमारास चलन नव्याने घडवलं, तेव्हापासून नाण्यावरचा चेहरा माणसापेक्षा पदाचा होत गेला. साम्राज्यात एकाच वेळी चार राज्यकर्ते आणि चौघांचे चेहरे जवळपास सारखेच: चौकोनी डोकं, कापलेले केस, आखूड दाढी, रुंद मान. चौघांची सत्ता एकच आहे, हे लोकांना दिसावं अशीच ती योजना होती.

म्हणून माझं ठाम मत आहे की ही नाणी मागच्या बाजूने वाचायला घ्यावीत. आधी आकार आणि वजन, मग मागचं चित्र, मग चित्राखालची टांकसाळीची अक्षरं, त्यानंतर डोक्यावर काय आहे ते, आणि सगळ्यात शेवटी नाव. या क्रमाने गेलात तर निम्मं झिजलेलं नाणंही दहा-वीस वर्षांच्या आणि एखाद्या शहराच्या नेमक्या चौकटीत बसवता येतं.

वाचण्याआधी एक खुलासा. नाण्यावरची अक्षरं इथे इंग्रजी मुळाक्षरांच्या नावांनी दिली आहेत. ‘एस-एम-एन’ असं लिहिलं असेल तर नाण्यावर ती तीन अक्षरं सलग शोधायची. लॅटिन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. नाण्यावर ‘यू’ हे अक्षर नसतं, त्याच्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं वाचन सोपं जातं.

आधी हात आवरा

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (धातूच्या जबड्याने ओरखडे पडतात) आणि हलवता येईल असा एक दिवा. दिवा फार महत्त्वाचा आहे. वरून पडणाऱ्या प्रकाशात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. प्रकाश बाजूने, जवळजवळ आडवा पडला की त्यांच्या कडांना सावली येते आणि अक्षर उठून दिसतं. नाणं जागेवर ठेवून दिवा सावकाश भोवती फिरवा. डाव्या कडेकडून प्रकाश पडल्यावर उभी रेघ दिसेल, वरच्या कडेकडून पडल्यावर आडवी. ‘एच’ आणि ‘एन’ यांतला फरक असाच सापडतो. मोबाइलने चार दिशांच्या प्रकाशात चार फोटो काढून ते मोठे करून पाहणं हा त्याहून सोपा उपाय.

साफसफाईची घाई मात्र नको. लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितळेची भांडी चमकवायची पावडर, तारेचा ब्रश यांतलं काहीही नाण्याजवळ आणू नका. हिरवा-तपकिरी-काळा जो थर दिसतो त्यातच पुष्कळदा अक्षरांची धार टिकलेली असते. थर खरवडला की खाली अक्षरं नसलेला खडबडीत धातू उरतो आणि नाणं कायमचं मुकं होतं. माती लागली असेल तर शुद्ध केलेल्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा आणि मऊ झालेली माती लाकडी दातकोरणीने अलगद काढा. याला आठवडे लागतात, कधी महिने.

फिक्या हिरव्या रंगाची भुकटी दिसली आणि ती बोटाला लागली, तर तो ब्राँझचा रोग आहे. धातूतलं क्लोराइड, हवेतला ओलावा आणि प्राणवायू यांच्या क्रियेने तो पसरतो आणि नाणं पोखरतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात याचा धोका दुप्पट. असं नाणं इतरांपासून लगेच वेगळं करा, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि उपचार जाणकाराकडून करून घ्या. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका, त्यातून निघणारी रसायनं ब्राँझ खातात.

पायरी पहिली: वजन आणि व्यास

संग्राहक या काळातली ब्राँझ नाणी व्यासाप्रमाणे चार गटांत टाकतात: २५ मिलिमीटरहून मोठी पहिल्या गटात, २१ ते २५ दुसऱ्या, १७ ते २१ तिसऱ्या आणि १७ हून लहान चौथ्या. रोमन लोक या नाण्यांना नेमकं काय म्हणत, याबद्दल अभ्यासकांत वाद असल्याने ही मापाची पद्धत सोयीची पडते.

आकडा बराच काही सांगतो, कारण चलन सतत घसरत गेलं. डायोक्लेशियनचं नवं नाणं सुमारे १० ग्रॅमचं आणि साधारण २७ मिलिमीटरचं होतं, वर चांदीचा पातळ मुलामा. इ. स. ३०७ पासून ते टप्प्याटप्प्याने हलकं होत गेलं आणि ३१३ पर्यंत साडेतीन ग्रॅमच्या आसपास आलं. ३३० च्या दशकात अडीच ग्रॅम, ३३५ नंतर दीड-पावणेदोन ग्रॅम. शतकाच्या अखेरीस एक ग्रॅमच्या आसपासची, करंगळीच्या नखाएवढी नाणी सर्रास दिसतात. अपवादही आहेत. ३४८ मध्ये आणि पुन्हा सम्राट ज्युलियनच्या काळात मोठी नाणी पाडण्याचा प्रयत्न झाला, पण ती फार टिकली नाहीत.

पायरी दुसरी: मागचं चित्र म्हणजे दिनदर्शिका

सगळ्या टांकसाळी बहुतेक वेळा एकाच सुमारास एकच चित्र पाडत होत्या. त्यामुळे एक अक्षरही वाचता आलं नाही तरी चित्रावरून दशक कळतं. पुढचे प्रकार पाठ झाले की सर्वसाधारण ढिगातली बहुतेक नाणी काळाच्या क्रमाने लावता येतात.

मोठं, जड नाणं आणि त्यावर एका हातात ओतायचं पात्र व दुसऱ्या हातात धान्या-फळांचं शिंग घेतलेला, जवळजवळ उघडा पुरुष उभा असेल, तर ते ‘गेनिओ पोपुली रोमानी’. काळ २९४ पासून चौथ्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत. त्यानंतर किरणांचा मुकुट घातलेला, उजवा हात उंचावलेला सूर्यदेव येतो: ‘सोली इन्विक्तो कोमिती’, अंदाजे ३१० ते ३१८. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१२ मध्ये मिल्व्हियन पुलाची लढाई (तिच्यानंतर तो ख्रिस्ती धर्माकडे वळला असं मानतात) जिंकल्यानंतरही कित्येक वर्षं त्याच्या नाण्यांवर सूर्यच आहे, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. ३१८ ते ३२० या काळात वेदीवर ढाल धरलेल्या दोन विजयदेवता, आणि नंतर काही वर्षं पानांच्या चक्रात नवसाची अक्षरं, म्हणजे ‘व्होट’ आणि रोमन आकडे.

३२४ ते ३३० हा विटांच्या दरवाजाचा काळ. वर दोन बुरूज, मध्ये तारा. सम्राटाच्या नाण्यावर लेखाच्या, म्हणजे काठाने कोरलेल्या मजकुराच्या, शेवटी ‘ए-व्ही-जी-जी’ आणि युवराजाच्या नाण्यावर ‘सी-ए-ई-एस-एस’. पुढची बाजू पूर्ण झिजली असली तरी एवढ्यावरून सम्राट की युवराज, हे ठरतं.

मग येते सगळ्यांत जास्त सापडणारी जात: भाले घेतलेले दोन सैनिक, ‘ग्लोरिया एक्सर्कितुस’. इथे निशाणं मोजायची. सैनिकांच्या मध्ये दोन निशाणं असतील तर ३३० ते ३३५, एकच असेल तर ३३५ ते ३४१. दुसरा गट व्यासानेही लहान आहे, त्यामुळे मोजमाप आणि चित्र एकमेकांना साक्ष देतात. याच काळात दोन नाण्यांवर सम्राट मुळीच नाही: एकावर शिरस्त्राण घातलेली रोम नगरी आणि मागे जुळ्या बाळांना दूध पाजणारी लांडगी, दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरी आणि मागे जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता. नवी राजधानी ३३० मध्ये समारंभपूर्वक वसली, त्या सुमारास ही नाणी सुरू झाली. इथे चेहऱ्यावरून सम्राट शोधत बसलात तर वेळ फुकट जाईल.

३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन वारला. त्यानंतर त्याच्या मुलांनी पाडलेल्या लहान नाण्यांवर त्याचं डोकं वस्त्राने झाकलेलं दिसतं. मागे चार घोड्यांचा रथ आहे आणि वरून एक हात त्याच्याकडे झेपावतो आहे. या साऱ्या काळातलं मला सर्वांत आवडणारं चित्र हेच आहे. जुन्या रोमन पद्धतीचं सम्राटाचं स्वर्गारोहण आणि नव्या धर्मातला देवाचा हात नखाएवढ्या जागेत एकत्र बसवले आहेत.

३४१ ते ३४८ मध्ये पश्चिमेकडे समोरासमोर दोन विजयदेवता आणि पूर्वेकडे चक्रात ‘व्होट’ची अक्षरं. ३४८ मध्ये नवी मालिका: ‘फेल टेम्प रेपारातिओ’, सुखाचे दिवस परत आले अशी घोषणा. तिची चित्रं अनेक आहेत: झोपडीतून लहानशा परदेशी माणसाला बाहेर नेणारा सैनिक, जहाजावरचा सम्राट, फिनिक्स पक्षी. पण सर्वांत जास्त टिकलं ते घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भोसकणाऱ्या सैनिकाचं. पुढे हे चित्र लहान होत होत तिसऱ्या गटात उतरलं. त्या शेवटच्या टप्प्यात मोकळ्या जागेत ‘एम’ हे अक्षर पुष्कळदा दिसतं. ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं गुंफलेलं मोठं चिन्ह, ‘खी-रो’, पूर्ण मागची बाजू व्यापून असेल तर पश्चिमेकडचा बंडखोर सम्राट मॅग्नेन्शियस आणि त्याचा भाऊ डिसेन्शियस यांच्याकडे, म्हणजे ३५३ च्या आसपास, चला. वर दोन तारे आणि खाली भारदस्त बैल असेल तर ज्युलियन, ३६१ ते ३६३, वजन आठ ग्रॅमच्या वर.

३६४ ते ३७८ या काळासाठी दोन चित्रं पुरतात: हार घेऊन डावीकडे चालणारी विजयदेवता, किंवा कैद्याला केसांनी धरून ओढणारा आणि हातात निशाण घेतलेला सम्राट. ३७८ ते ३८३ मध्ये दुसऱ्या गटातलं, गुडघे टेकलेल्या स्त्रीला उठवणाऱ्या सम्राटाचं नाणं. ३८३ नंतर चिमुकली ‘सालुस रेइपुब्लिके’: खांद्यावर विजयचिन्ह घेऊन कैद्याला ओढत नेणारी विजयदेवता. ३९५ नंतर सम्राटाच्या डोक्यावर मुकुट ठेवणारी विजयदेवता, आणि पाचव्या शतकाच्या पहिल्या दशकात रांगेत उभे तीन सम्राट.

पायरी तिसरी: रेघेखालची अक्षरं

मागच्या चित्राच्या पायाशी एक आडवी रेघ असते. तिच्या खालच्या पट्टीत टांकसाळीचं नाव असतं. नाणं नीट मध्यावर ठोकलं नसेल तर नेमका हाच भाग कडेबाहेर जातो, म्हणून विकत घेताना मी चेहऱ्याआधी ही पट्टी पाहतो.

पट्टीत जास्तीत जास्त तीन घटक असतात. सुरुवातीला कधी ‘एस-एम’, म्हणजे ‘साक्रा मोनेता’, सम्राटाची पवित्र टांकसाळ. मग शहराची एक ते पाच अक्षरं. आणि आधी किंवा नंतर टांकसाळीतल्या विभागाचं अक्षर. पश्चिमेत हे विभाग लॅटिन क्रमवाचकांनी दाखवतात: पी पहिला, एस दुसरा, टी तिसरा, क्यू चौथा. पूर्वेत ग्रीक अक्षरं आकड्यांसारखी येतात: अल्फा एक, बीटा दोन, गॅमा तीन, डेल्टा चार, एप्सिलॉन पाच. गॅमा आडवी रेघ वर असलेल्या ‘एल’सारखा, डेल्टा त्रिकोण. सहासाठी ‘एस’सारखं दिसणारं चिन्ह, सातसाठी ‘झेड’, आठसाठी ‘एच’. अँटिऑकमध्ये एका काळात पंधरा विभाग होते, तेव्हा दहाच्या पुढचे आकडे दोन अक्षरांनी येतात.

आता शहरं, पश्चिमेकडून पूर्वेकडे:

लंडन: पी-एल-एन, पी-एल-ओ-एन. टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद.
ट्रिअर (जर्मनी): टी-आर, पुढे किंवा मागे पी अथवा एस.
लियाँ (फ्रान्स): पी-एल-जी, पी-एल-सी, एल-व्ही-जी.
आर्ल (फ्रान्स): ए-आर-एल, सी-ओ-एन-एस-टी.
आमियाँ (फ्रान्स): ए-एम-बी, मॅग्नेन्शियसच्या काळात थोडा वेळ.
रोम: आर-पी, आर-एस, आर-टी, आर-क्यू, एस-एम-आर.
ओस्तिया: एम-ओ-एस-टी, ३१३ पर्यंत.
टिसिनम, आजचं पाव्हिया: टी, सोबत पी, एस किंवा टी. ३२६ च्या सुमारास बंद.
अ‍ॅक्विलेया: ए-क्यू, एस-एम-ए-क्यू.
सिस्किया, आजचं क्रोएशियातलं सिसाक: एस-आय-एस, आधी ग्रीक अक्षर.
सिर्मियम, आजचं सर्बियातलं स्रेम्स्का मित्रोव्हित्सा: एस-आय-आर-एम.
थेसालोनिकी: टी-एस, टी-ई-एस, एस-एम-टी-एस.
हेराक्लिआ, आजच्या तुर्कस्तानात: एस-एम-एच, एच-टी.
कॉन्स्टँटिनोपल: सी-ओ-एन-एस, ३२६ पासून.
निकोमीडिया, आजचं इझमित: एस-एम-एन.
सिझिकस, तुर्कस्तान: एस-एम-के.
अँटिऑक, आजचं अंताक्या: ए-एन-टी, एस-एम-ए-एन, ए-एन.
अलेक्झांड्रिया: ए-एल-ई, एस-एम-ए-एल.
कार्थेज: पी-के, ३०७ पर्यंत, मोठ्या नाण्यांवर.

गोंधळ ठरावीक जागी होतो. सर्वांत मोठा आर्ल आणि कॉन्स्टँटिनोपल यांचा. ३२८ मध्ये आर्लला कॉन्स्टँटिना असं नाव मिळालं, त्यामुळे तिथल्या नाण्यांवरही ‘सी-ओ-एन-एस-टी’ येऊ लागलं. नियम असा: आधी पी, एस किंवा टी असेल तर आर्ल, नंतर ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल. ‘एस-सी-ओ-एन-एस-टी’ आर्लचं, ‘सी-ओ-एन-एस’ आणि मागे त्रिकोण असेल तर कॉन्स्टँटिनोपलचं. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्हीकडे ‘सी-ओ-एन’ एवढंच उरतं, पण अक्षराच्या जागेचा नियम तोच राहतो.

दुसरा गोंधळ हेराक्लिआ आणि निकोमीडियाचा: झिजलेला ‘एच’ आणि ‘एन’. आडवा प्रकाश इथे कामी येतो, मधली रेघ सपाट की तिरकी एवढंच पाहायचं. तिसरा ‘एस-एम-एन-ए’ आणि ‘एस-एम-ए-एन’ यांचा. पहिलं निकोमीडियाचा पहिला विभाग, दुसरं अँटिऑक. अक्षरांचा क्रम घाईत उलटा वाचला गेला की नाणं शेकडो किलोमीटर सरकतं. चौथा ‘के’चा: ‘एस-एम-के’ सिझिकस, ‘पी-के’ कार्थेज. कार्थेजचं नाणं मोठं आणि जुनं असल्याने वजनच निकाल देतं.

अक्षरांभोवती आणि चित्राच्या बाजूला ठिपका, तारा, चंद्रकोर, पानांचं चक्र, खजुराची फांदी, खी-रो अशी चिन्हं असतात. त्यांतली पुष्कळशी एकाच टांकसाळीतल्या लागोपाठच्या खेपा वेगळ्या करण्यासाठी आहेत. नवखे लोक ती सजावट समजून सोडून देतात आणि तिथेच वर्षापर्यंत पोचायची वाट बंद होते. एक ठिपकासुद्धा टिपून ठेवा, आणि तो अक्षरांच्या आधी, मध्ये की नंतर आहे तेही.

पायरी चौथी: चेहरा, पण डोक्यावरून सुरुवात

आता पुढची बाजू. नाक-डोळे नंतर, आधी डोक्यावर काय आहे ते पाहा. पानांचा मुकुट, मागे गाठ मारलेला, असेल तर साधारण ३३० पर्यंतचा सम्राट किंवा कॉन्स्टंटाइनच्या काळातला युवराज. मोत्यांची किंवा फुलांची पट्टी ३२५ नंतर येते आणि शतकाच्या मध्यापर्यंत सम्राटाची कायमची खूण बनते. शिरस्त्राण ३१८ ते ३२४ च्या सुमारास बरंच दिसतं.

डोकं उघडं असेल तर थांबा, इथे नाणं स्वतःहून बोलतं. ३५० नंतर उघड्या डोक्याचा तरुण म्हणजे बहुधा युवराज: गॅलस (३५१ ते ३५४) किंवा ज्युलियन (३५५ ते ३६०), किंवा मॅग्नेन्शियसचा भाऊ डिसेन्शियस. मॅग्नेन्शियस स्वतः सम्राट असूनही उघड्या डोक्याचा आहे. मानेवर रुळणारे दाट केस आणि भरलेला गाल ही त्याची ओळख. ब्राँझवर खरोखर चेहऱ्यावरून ओळखता येणाऱ्यांपैकी तो एक.

दाढी ही दुसरी मोठी खूण. कॉन्स्टंटाइनने दाढी काढली आणि जवळपास सगळ्या वारसांनी तोच कित्ता गिरवला. त्यामुळे ३२४ नंतर दाढी दिसली की नावं मोजकीच उरतात: व्हेट्रानिओ, सम्राट झाल्यानंतरचा ज्युलियन, बंडखोर प्रोकोपियस, आणि ३९२ ते ३९४ मधला युजीनियस. ज्युलियनची दाढी तत्त्ववेत्त्याची, टोकदार. त्याने ती मुद्दाम वाढवली होती.

कॉन्स्टंटाइनचा चेहरा ३१० नंतर वेगळा काढता येतो: लांबट मान, बाकदार मोठं नाक, पुढे आलेली हनुवटी, कपाळावर सरळ ओढलेले केस. पण त्याच्या मुलांचे चेहरे त्याच्याच साच्यातले लहान आवृत्तीसारखे आहेत, आणि व्हॅलेंटिनियन, व्हॅलेन्स, ग्रेशियन या तिघांना चेहऱ्यावरून वेगळं करण्याचा प्रयत्न करूच नये. राण्यांची नाणी केसांवरून कळतात. हेलेना, फॉस्टा आणि थिओडोरा यांचे केस आणि अलंकार भिंगाखाली पाहण्यासारखे आहेत, आणि लेखात ‘ऑगुस्ता’ किंवा नावाचा शेवट ‘ए’ने होणं हा पक्का पुरावा.

पायरी पाचवी: नाव मागून वाचा

पुढच्या बाजूवरचा लेख डाव्या खालच्या कोपऱ्यातून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि बहुधा डोक्यापाशी तुटतो. सुरुवातीची अक्षरं, ‘डी-एन’ (दोमिनुस नोस्तेर, आमचा स्वामी) किंवा ‘आय-एम-पी’, फारसं सांगत नाहीत. पुढे ‘सी-ओ-एन-एस-टी-ए-एन’ आलं तरी अडचण कायम, कारण कॉन्स्टंटाइनच्या घराण्यात अनेकांचं नाव याच अक्षरांनी सुरू होतं. निकाल शेवटात आहे. डोक्यानंतर ‘टी-आय-एन-व्ही-एस’ असेल तर कॉन्स्टंटाइन, ‘टी-आय-व्ही-एस’ असेल तर कॉन्स्टँटियस, नुसतं ‘एन-एस’ असेल तर कॉन्स्टन्स. एक ‘एन’ आहे की नाही, यावर बाप की मुलगा हे ठरतं.

पदवी त्यानंतर. ‘एम-ए-एक्स ए-व्ही-जी’ म्हणजे थोरला कॉन्स्टंटाइन. ‘आय-व्ही-एन एन-ओ-बी सी’ म्हणजे धाकटा, युवराज: ‘आय-व्ही-एन’ हा धाकटेपणाचा शब्द आणि ‘एन-ओ-बी सी’ हा युवराजाचा किताब. ‘पी-एफ ए-व्ही-जी’ सम्राटाचा.

पुढच्या पिढीतही हेच सूत्र. डोक्यानंतर एकटा ‘एस’ आणि मग ‘पी-एफ ए-व्ही-जी’ असेल तर व्हॅलेन्स. ‘ए-एन-व्ही-एस’ असेल तर व्हॅलेंटिनियन किंवा ग्रेशियन, मग डोक्याच्या डावीकडे ‘जी’ची शिल्लक आहे का ते शोधा. शतकाच्या अखेरीस ‘एस-आय-व्ही-एस’ थिओडोशियस, ‘डी-आय-व्ही-एस’ आर्केडियस, ‘आर-आय-व्ही-एस’ होनोरियस.

दोन नाणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, १७ मिलिमीटर, २.४ ग्रॅम. मागे दोन सैनिक, मध्ये दोन निशाणं: काळ ३३० ते ३३५. रेघेखाली ‘टी-आर-एस’: ट्रिअर, दुसरा विभाग. डोक्यावर पानांचा मुकुट, अंगावर चिलखत. लेखाच्या शेवटी ‘आय-व्ही-एन एन-ओ-बी सी’. हा कॉन्स्टंटाइन दुसरा, युवराज असताना. ३१६ मध्ये जन्मलेला, म्हणजे नाणं पाडलं तेव्हा विशीच्या आतला. आता त्याच काळातली ट्रिअरची मालिका काढून ‘टी-आर-एस’च्या आसपास ठिपका आहे का ते ताडायचं. त्यासाठी ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ ही खंडमालिका प्रमाण मानतात. तिच्यातल्या नोंदी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. टांकसाळ, सम्राट आणि मागचं चित्र या तीन गोष्टी हाताशी असतील तर शोध चटकन संपतो. चेहऱ्याचा फोटो घेऊन गेलात तर संपत नाही.

दुसरं नाणं १३ मिलिमीटर, १.१ ग्रॅम, खूप झिजलेलं. मागे कुणीतरी डावीकडे चालतं आहे, पाठीशी एक गाठोड्यासारखा आकार: तो ओढला जाणारा कैदी. ‘सालुस रेइपुब्लिके’, ३८३ नंतर. डावीकडच्या मोकळ्या जागेत क्रॉसच्या टोकाला ‘पी’चा गोल जोडल्यासारखी खूण. पट्टीत ‘ए-एल-ई’ आणि पुढे अस्पष्ट अक्षर: अलेक्झांड्रिया. नावाचे शेवटचे चार अवशेष ‘डी-आय-व्ही-एस’: आर्केडियस. विभाग वाचता येत नाही, आणि तो न वाचताही नाण्याची ओळख पूर्ण झाली आहे.

भारतात सापडलेली नाणी आणि नकला

ही दुसऱ्या जातीची नाणी आपल्याकडच्या संग्राहकाला जास्त भेटतात, कारण ती समुद्रमार्गे इथे आली. तामिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराई परिसरात, तसंच श्रीलंकेत, चौथ्या-पाचव्या शतकातली लहान रोमन ब्राँझ नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या गटातली आणि फार वापरलेली. त्यांत पूर्वेकडच्या टांकसाळींची भर आहे. मुंबई-पुण्याच्या नाणेप्रदर्शनांत ‘रोमन, दक्षिण भारत’ अशा चिठ्ठीखाली जी पुडी मिळते, तिच्यात बरेचदा हाच माल असतो. त्यावर ‘एस-एम-एन’, ‘सी-ओ-एन-एस’, ‘ए-एन-टी’, ‘ए-एल-ई’ आधी शोधा.

श्रीलंकेत या नाण्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा, चेहरा दोन-तीन ओळींचा, वजन कमी. ब्रिटन आणि गॉलमध्येही (आजचा फ्रान्स) ३४० आणि ३५० च्या दशकांत सैनिकांच्या आणि कोसळत्या घोडेस्वाराच्या नाण्यांच्या अशाच नकला झाल्या. त्या आजच्या बनावट वस्तू नाहीत. सुट्या पैशांची टंचाई असताना लोकांनी स्वतःची गरज भागवली होती. त्यांना खोटं म्हणून टाकून देऊ नका, ‘प्राचीन नक्कल’ म्हणून वेगळ्या ठेवा. अक्षरं निरर्थक असतील तर त्यांच्यातून टांकसाळ काढण्याचा अट्टहासही करू नका.

इंग्लंड, जर्मनी किंवा फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हाती नेमका उलटा माल येतो: ट्रिअर, लियाँ, आर्लची नाणी. तिथे नाणं स्वतः सापडलं तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे नोंद करा. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत निधी सापडला आणि त्याचं मोल दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जागेवर सापडलेल्या नाण्याची खरी किंमत त्या जागेत आहे. तिथून गुपचूप उचललं की इतिहासासाठी ते जवळपास निरुपयोगी होतं. प्रत्यक्ष नाणी पाहायची असतील तर नाशिकजवळ अंजनेरी इथल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय पाहून या.

चिठ्ठीवर काय लिहायचं

प्रत्येक नाण्यासोबत आम्लरहित कागदाची छोटी चिठ्ठी ठेवा. व्यास आणि वजन, सम्राट आणि पद, मागचं चित्र, टांकसाळ व विभाग, मोकळ्या जागेतल्या खुणा, अंदाजे काळ, आणि नाणं कुठून, केव्हा आलं ते. पट्टीतली अक्षरं जशी दिसतात तशीच उतरवा. जे प्रत्यक्ष वाचलं ते साधं, जे अंदाजाने भरलं ते चौकोनी कंसात, आणि जे मुळीच दिसत नाही तिथे ठिपके. ‘एस-एम-[एन]-..’ असं लिहिलेली चिठ्ठी सहा महिन्यांनी वेगळ्या प्रकाशात तपासता येते. नुसतं ‘निकोमीडिया’ लिहिलं असेल तर ते कशावरून लिहिलं, हे तेव्हा तुम्हालाही सांगता येणार नाही.